चेहरा, अंतर आणि उंबरठा
संगणक माणसाला कसा ‘ओळखतो’?

विमानतळाच्या प्रवेशद्वारापाशी प्रवासी कॅमेऱ्यासमोर क्षणभर उभा राहतो आणि दार उघडते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू व वाराणसी येथे आणि त्यानंतर २०२३ मध्ये पुणे व मुंबई येथे सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’ सेवेमुळे हे दृश्य नागरिकांच्या परिचयाचे झाले आहे. संगणकाने चेहरा ओळखला, असे अशा वेळी सहजपणे म्हटले जाते. वस्तुतः संगणक कोणालाही ओळखत नाही. दोन छायाचित्रांतून काढलेल्या आकड्यांच्या दोन मालिकांमध्ये किती अंतर आहे, एवढेच तो मोजतो. ते अंतर किती कमी भरले म्हणजे माणूस तोच मानावा, हे मात्र कोणीतरी माणसाने आधी ठरवून दिलेले असते. या ठरवलेल्या मर्यादेला तंत्रज्ञ ‘उंबरठा’ म्हणतात. प्रतिमा प्रक्रिया आणि आकृतिबंध ओळख या दोन शास्त्रशाखांनी गेल्या साठ वर्षांत अंतर मोजण्याची कला कमालीची विकसित केली. उंबरठा कोठे ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर मात्र गणितात नाही.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनात, म्हणजे पिक्सेलमध्ये, प्रकाशाची तीव्रता दर्शवणारा एक आकडा असतो. कृष्णधवल चित्रात ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा आणि मधल्या साऱ्या करड्या छटा. शंभर बाय शंभर पिक्सेलचे छोटेसे छायाचित्र म्हणजे दहा हजार आकडे. अडचण अशी, की एकाच व्यक्तीचे सकाळी खिडकीपाशी आणि रात्री दिव्याखाली छायाचित्र काढल्यास हे आकडे पार बदलून जातात. एकाच प्रकाशात टिपलेल्या दोन भिन्न व्यक्तींमधील फरकापेक्षा वेगवेगळ्या प्रकाशात टिपलेल्या एकाच व्यक्तीच्या छायाचित्रांतील फरक पुष्कळदा जास्त भरतो. माणसाच्या डोळ्याला ही अडचण जाणवतही नाही. यंत्राची मात्र तेथेच कसोटी लागते.

म्हणून ओळख पटवण्याआधी चित्रावर संस्कार करावे लागतात. अंधारलेल्या चित्रातील छटा पूर्ण पट्ट्यावर पसरवणे, कॅमेऱ्यामुळे उमटलेले ठिपके शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन पुसणे, जेथे छटा एकदम बदलते तेथील कडा शोधणे, मान कललेली असल्यास दोन्ही डोळे एका आडव्या रेषेत येतील असे चित्र फिरवणे, ही कामे प्रतिमा प्रक्रियेत मोडतात. ही पूर्वतयारी कच्ची राहिल्यास पुढचे सारे गणित फसते.

आरंभीचे प्रयत्न

या क्षेत्रातील पहिला उल्लेखनीय प्रयत्न १९६०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वूडी ब्लेडसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात निम्मे काम माणसाचे होते. बुबुळे, ओठांचे कोपरे, केसांची रेषा अशा खुणा एक कर्मचारी लेखणीसारख्या साधनाने छायाचित्रावर टिपून देई आणि त्यांतून संगणक वीस अंतरे काढी. तासाभरात सुमारे चाळीस छायाचित्रे हातावेगळी होत. खुणा शोधण्याचे कामही संगणकाकडे सोपवण्याचा महत्त्वाचा प्रयत्न जपानमधील क्योतो विद्यापीठात ताकेओ कानादे यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात केला. वीस व्यक्तींपैकी पंधरा जणांची ओळख त्यांच्या प्रणालीने बरोबर पटवली. आज हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु त्या काळातील संगणकाची शक्ती ध्यानात घेतल्यास तो मुळीच किरकोळ नव्हता.

येथे एका भारतीयाचे ऋण सांगितलेच पाहिजे, आणि त्याचा धागा नागपूरपर्यंत पोहोचतो. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबीस यांची भेट प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनांडेल यांच्याशी झाली. अ‍ॅनांडेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन समाजाची शरीरमापे गोळा केली होती. त्यांचे विश्लेषण करण्याची विनंती त्यांनी महालनोबीस यांना केली. त्या कामातून सुरू झालेल्या विचाराची परिणती १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘महालनोबीस अंतर’ या संकल्पनेत झाली. मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हे त्यामागील मर्म होय. चेहरा रुंद असेल तर दोन डोळ्यांमधील अंतरही बहुधा जास्त असते. ही दोन्ही मापे वेगवेगळी धरून फरकांची सरळ बेरीज केल्यास एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवाय जे माप माणसामाणसांत मुळातच फार बदलते, त्यातील थोड्या फरकाला महत्त्व देण्याचे कारण नाही. जे फारसे बदलत नाही, त्यातील थोडा फरकही बोलका असतो. महालनोबीस यांच्या सूत्रात या दोन्ही बाबींचा हिशेब होतो. आकृतिबंध ओळखीच्या पाठ्यपुस्तकांत हे अंतर आजही शिकवले जाते आणि चेहरा ओळखण्याच्या अनेक प्रणालींनी ते वापरले आहे.

१९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमधील मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी निराळा मार्ग धरला. नाक-डोळे वेगळे मोजण्याऐवजी त्यांनी संपूर्ण चेहराच एक राशी मानला. अनेक चेहऱ्यांची सरासरी काढायची आणि प्रत्येक चेहरा त्या सरासरीपासून कोणकोणत्या दिशांनी किती ढळतो, ते पाहायचे. अशा मोजक्या दिशा निवडल्या, की दहा हजार आकड्यांऐवजी काही डझन आकड्यांत चेहरा मांडता येतो. या दिशांना ‘आयगनफेस’ असे नाव पडले. त्या पडद्यावर उमटवल्या तर भुतासारखे पुसट चेहरे दिसतात. सोळा व्यक्तींवरील चाचणीत प्रकाश बदलला असता सरासरी ९६ टक्के, मान वळवली असता ८५ टक्के आणि चेहऱ्याचा आकार लहानमोठा झाला असता ६४ टक्के ओळख बरोबर ठरली. एकाच पद्धतीचे हे तीन आकडे पुरेसे बोलके आहेत. ‘अचूकता अमुक टक्के’ असे विधान कोणत्या परिस्थितीतील, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ उरत नाही.

आधी चेहरा सापडायला हवा

ओळखण्यापूर्वी चित्रात चेहरा कोठे आहे, हे शोधावे लागते. ऐकायला सोपे वाटणारे हे काम पुष्कळ वर्षे अडून राहिले होते. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये त्यावर काढलेला तोडगा इतका चतुर आहे, की तो थोडा तपशिलात पाहण्याजोगा आहे.

डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर असतो. नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो. अशा उजळ-काळ्या आयतांच्या जोड्या हेच या पद्धतीचे मूळ लक्षण. चोवीस बाय चोवीस पिक्सेलच्या चौकटीत अशी लक्षणे दीड लाखाहून अधिक संभवतात. त्यांपैकी उपयोगी कोणती, हे माणसाने ठरवायचे नाही. चेहरे असलेली आणि नसलेली हजारो चित्रे पुढे ठेवून संगणकाकडूनच निवड करवून घ्यायची. आयतातील पिक्सेलांची बेरीज झटपट व्हावी म्हणून त्यांनी चालू बेरजेची युक्ती योजली. बँकेच्या पासबुकात शिल्लक दर ओळीला लिहिलेली असते. दोन तारखांमधील निव्वळ वाढ हवी असेल तर मधल्या नोंदी मोजाव्या लागत नाहीत, दोन शिलकींची वजाबाकी पुरते. हीच कल्पना आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी लावली, की कितीही मोठ्या आयताची बेरीज त्याच्या चार कोपऱ्यांवरील आकड्यांतून मिळते.

यावर कळस म्हणजे चाळण्यांची रांग. पहिली चाळणी केवळ दोन लक्षणांची. ती जवळपास निम्म्या निरुपयोगी चौकटी तत्काळ फेकून देते आणि खरा चेहरा मात्र सहसा निसटू देत नाही. पुढच्या चाळण्या अधिकाधिक बारीक, एकूण ३८. भिंत, आकाश, झाड यांवर वेळ वाया जात नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियम संगणकावर सेकंदाला सुमारे १५ चित्रे तपासण्याइतका वेग यातून साधला. पुढील काही वर्षांत डिजिटल कॅमेऱ्यांच्या पडद्यावर चेहऱ्याभोवती आपोआप चौकट दिसू लागली, ती याच धर्तीच्या पद्धतींमुळे.

त्याच सुमारास फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात विकसित झालेली, प्रत्येक पिक्सेलची त्याच्या आठ शेजाऱ्यांशी तुलना करणारी पद्धतही लोकप्रिय झाली. शेजारी उजळ असेल तर १, नसेल तर ०, एवढाच तिचा हिशेब. त्यामुळे एकूण प्रकाश वाढला-घटला तरी उत्तर फारसे बदलत नाही.

आकड्यांचा अर्थ हरवतो

२०१० नंतरच्या दशकात चित्र पालटले. कोणती लक्षणे मोजायची, हे शास्त्रज्ञांनी ठरवण्याऐवजी अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कने उदाहरणांतून स्वतःच शिकावे, ही कल्पना जुनीच होती. तिला लागणारी छायाचित्रे आणि गणनशक्ती आता उपलब्ध झाली. फेसबुकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेली ‘डीपफेस’ ही प्रणाली सुमारे चार हजार व्यक्तींच्या ४४ लाख छायाचित्रांवर शिकली होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रसिद्ध चाचणी-संचावर तिने ९७.३५ टक्के गुण मिळवले; त्याच संचावर माणसांची कामगिरी ९७.५३ टक्के नोंदली गेली होती. पुढच्याच वर्षी गुगलच्या ‘फेसनेट’ने ९९.६३ टक्के गाठले.

फेसनेटची शिकवणी लक्षात राहण्यासारखी आहे. तिला एका वेळी तीन छायाचित्रे दाखवतात: दोन एकाच व्यक्तीची, तिसरे दुसऱ्या कोणाचे. पहिली दोन जवळ यावीत आणि तिसरे दूर जावे, असे आतील आकडे किंचित बदलायचे. हा क्रम असंख्य वेळा चालला, की शेवटी प्रत्येक चेहऱ्याचे १२८ आकडे उरतात. ब्लेडसो यांच्या वीस मापांपैकी प्रत्येक माप कशाचे, हे बोट ठेवून दाखवता येत होते. या १२८ पैकी सत्तराव्या आकड्याचा अर्थ काय, हे ती प्रणाली घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. यंत्र चुकले तर का चुकले, याचा जाब विचारणे त्यामुळे कठीण झाले आहे.

आणि यंत्र चुकतेच. येथे दोन कामांत भेद केला पाहिजे. विमानतळावर प्रवासी ‘मी अमुक’ असे सांगतो आणि यंत्र त्याच्याच नोंदीशी तुलना करते. ही एकास एक पडताळणी. पोलीस तपासात मात्र अनोळखी चेहरा संपूर्ण संग्रहाशी ताडून पाहिला जातो. समजा, एखादी प्रणाली लाख तुलनांत एकदाच चुकीचा मेळ दाखवते. एकास एक पडताळणीत ही चूक नगण्य होय. संग्रहात पन्नास लाख चेहरे असतील, तर तीच प्रणाली एका शोधात सुमारे पन्नास निरपराध माणसे पुढे करील. खरा गुन्हेगार त्या संग्रहातच नसला, तर हाती लागलेले सगळेच निरपराध असतील. उंबरठा कडक केला की ही संख्या घटते. पण मग खरी माणसे निसटू लागतात. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारा उंबरठा नसतो.

या चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये छायाचित्रावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे कमाल प्रमाण ०.८ टक्के होते. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या शासकीय संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ प्रणालींचा अहवाल प्रसिद्ध केला. एका समाजगटाच्या तुलनेत दुसऱ्यात चुकीचे मेळ अनेक प्रणालींमध्ये दहा ते शंभर पटींनी जास्त आढळले. पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबतची ही तफावत चीनमध्ये विकसित झालेल्या काही प्रणालींत दिसली नाही, यावरून शिकवताना कोणाचे चेहरे वापरले, याला किती महत्त्व आहे ते कळते. सर्वोत्तम प्रणालींपैकी काहींमध्ये तफावत नगण्य होती, हेही त्या अहवालात नमूद आहे.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटजवळ घड्याळांच्या चोरीच्या संशयावरून एका कृष्णवर्णीय गृहस्थास घरासमोर, पत्नी व मुलींच्या देखत अटक झाली. दुकानातील कॅमेऱ्याच्या अंधूक चित्राशी यंत्राने त्यांच्या वाहनपरवान्यावरील छायाचित्राचा मेळ दाखवला होता. ते चोर नव्हते. जून २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार केवळ यंत्राने दाखवलेल्या मेळावरून अटक करण्यास डेट्रॉइट पोलिसांना मनाई झाली.

भारतातील अनुभव संमिश्र आहे. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी बालगृहांतील सुमारे ४५ हजार मुलांची छायाचित्रे हरवलेल्या मुलांच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख पटल्याचे जाहीर झाले. ज्या घरी मूल परतले, त्या घरी या तंत्राचे मोल सांगावे लागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मात्र या प्रणालीची अचूकता केवळ दोन टक्के असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयात सांगण्यात आले. पुढे २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरातून दिल्ली पोलीस ८० टक्क्यांवरील साम्य हा होकारार्थी मेळ मानतात, असे उघड झाले. येथे ‘८० टक्के’ याचा अर्थ माणूस तोच असण्याची शक्यता शंभरात ऐंशी, असा होत नाही. तो मूळच्या अंतरावरून काढलेला साम्याचा गुणांक आहे. प्रत्येक कंपनीची त्याची पट्टी निराळी असते आणि एकीचे ८० हे दुसरीच्या पट्टीवर ६० किंवा ९५ भरू शकतात.