आहुपे ते रास्ता पेठ : औषधदानाला ज्ञानदानाची जोड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ट्रस्टच्या वैद्यकीय कार्यावर काही लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली आणि मी जुने दफ्तर काढून बसलो. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तके, लेखापरीक्षकांचे अहवाल हे सर्व व्यवस्थित बांधून ठेवलेले मिळाले. आहुपे येथील आरोग्य शिबिरांत ब्लँकेटे किती वाटली, औषधांना खर्च किती आला, टेम्पोचे भाडे काय दिले, हे पैशापर्यंत सापडले. मात्र ज्यांच्यासाठी हे सारे केले, त्या माणसांचे पुढे काय झाले, याची एकही नोंद मिळाली नाही. कोणत्या मुलाचे वजन किती होते, पुढल्या वर्षी ते वाढले का, कोणत्या मातेच्या अंगात रक्त कमी होते आणि दिलेल्या गोळ्यांनी ते भरून आले का, यांविषयी आपल्या वह्या मूक आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. ज्या व्यवहाराची खर्चाची बाजू लिहिली आणि जमेची कोरी राहिली, ती वही पुरी झाली असे मला म्हणवत नाही. याच अस्वस्थतेतून हा लेख लिहिला आहे.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले गाव. घोडेगाव सोडल्यावर डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालत रस्ता तेथे जातो. गावापुढे कडा तुटतो आणि आहुपे घाटाची पायवाट खाली मुरबाड तालुक्यातील खोपिवलीकडे उतरते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिके, गावाने राखलेली देवराई आणि हिरड्याचे उत्पन्न यांवर येथील जीवन चालते. हा हिरडा त्रिफळा चूर्णातून साऱ्या देशाच्या घराघरांत पोहोचतो. देशाला औषध पुरवणाऱ्या या गावाला स्वतःच्या औषधोपचारासाठी मात्र घाटरस्त्याने मैलोगणती जावे लागे, म्हणूनच आपल्या ज्येष्ठांना तेथे शिबिर घ्यावेसे वाटले. त्यांच्या भावनेत काहीही उणे नव्हते. उणे राहिले ते नोंदींचे. त्या नोंदींतून काय उभे राहू शकते, हे आपल्याच जिल्ह्यातील दोन मोठ्या शिक्षण-रुग्णालयांनी दाखवून दिले आहे.

पहिले रुग्णालय ससून. डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय 1867 मध्ये सुरू झाले. बी. जे. मेडिकल स्कूलचे 1946 मध्ये महाविद्यालय झाले आणि ससून त्याचे शिक्षण-रुग्णालय बनले. शिक्षण-रुग्णालयाचे वैशिष्ट्य असे, की तेथे प्रसूती, बालरोग, औषधवैद्यक, शल्यचिकित्सा असे सर्व विभाग एका आवारात असतात आणि विद्यार्थी शिकत असल्यामुळे ‘असे का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. तो विचारायचा तर केसपेपर नीट लिहावा लागतो, आणि हजारो केसपेपर एकत्र वाचले की त्यांतून संशोधन जन्माला येते.

याचे एक उदाहरण देतो. एचआयव्हीबाधित मातेकडून अंगावरच्या दुधातून बाळाला होणारा संसर्ग कसा रोखावा, हा प्रश्न गरीब देशांपुढे होता. कारण दूध तोडावे तर बाळ जगवायचे कशावर? बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साहाय्याने या प्रश्नावर काम केले. इथिओपिया आणि युगांडा येथेही तशीच चाचणी चालली होती. जन्मतः नेव्हिरॅपिन औषधाचा एकच डोस देण्याऐवजी ते सहा आठवडे दिले, तर काय होते? तिन्ही देशांचे एकत्रित निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांच्या वयाला संसर्गाचे प्रमाण एका डोसच्या गटात 5.3 टक्के, तर सहा आठवडे औषध घेतलेल्या गटात 2.5 टक्के आढळले. सहा महिन्यांनी मात्र हा फरक बराच ओसरला होता, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. लाभ लिहावा तसा तोटाही लिहावा, हा आपल्या पेढीवरचा नियम तेथेही पाळला जातो, हे वाचून माझा आदर दुणावला.

दुसरे रुग्णालय रास्ता पेठेतील के.ई.एम. त्याची सुरुवात 1912 मध्ये प्रसूतिगृह म्हणून झाली. डॉ. बानू कोयाजी 1944 मध्ये तेथे रुजू झाल्या, तेव्हा खाटा होत्या अवघ्या 40. त्यांच्या कारकीर्दीत त्याचे पाचशेहून अधिक खाटांचे शिक्षण-रुग्णालय झाले. खेड्यातील स्त्री अखेरच्या घटकेला शहरात येते, तेव्हा उपचारांना उशीर झालेला असतो, हे ओळखून 1970 च्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातील स्त्रियांना शिकवून त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य दिले. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. 2004 मध्ये त्या निवर्तल्या.

पुढे याच वढू भागातील बालकांनी देशाला एक लस मिळवून दिली. बालकांच्या जीवघेण्या अतिसारास कारण होणाऱ्या रोटाव्हायरसविरुद्ध भारतात तयार झालेल्या लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा हा ग्रामीण भाग, अशा तीन ठिकाणी झाली. एकूण 6,799 बालके त्यात होती. दोन भाग बालकांना लस आणि एका भागाला लसीसारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे आईलाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते, म्हणजे निष्कर्षात कोणाच्या इच्छेची भेसळ होण्यास वाव राहिला नाही. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसाराविरुद्ध लसीची परिणामकारकता सुमारे 54 टक्के आढळली. 2014 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2016 पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली.

आता ज्या संशोधनासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, त्याकडे वळतो. कारण ते आपल्या जैन स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते.

के.ई.एम.मध्ये मधुमेहावर काम करणाऱ्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. पाश्चात्त्यांच्या मानाने सडपातळ आणि वयाने तरुण असलेल्या आपल्या माणसांना मधुमेह का व्हावा? त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी मिळून के.ई.एम.मध्येच जन्मलेल्या मुलांना पुन्हा बोलावले. आठ वर्षांच्या 477 मुलांच्या तपासणीत असे दिसले, की जन्मतः वजनाने कमी असलेली आणि पुढे झपाट्याने वाढलेली मुले मधुमेह व हृदयविकाराकडे नेणारी लक्षणे अधिक दाखवीत होती. म्हणजे प्रौढपणीच्या रोगाचे मूळ आईच्या उदरापर्यंत जात होते. नवजात विभागाचे जुने केसपेपर जपून ठेवलेले नसते, तर हे कधीच कळले नसते.

1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू झाला. गर्भवती काय खाते, किती कष्ट करते, तिच्या रक्तात काय आहे, बाळ कसे जन्मते, हे सारे मोजले गेले. 2003 मध्ये त्यातील 631 बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या 338 बाळांशी प्रसिद्ध झाली. इंग्रज बाळाचे सरासरी वजन 3.5 किलो, तर आपले 2.7 किलो. परंतु आपल्या बाळाच्या अंगावरचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, पण आतून चरबी जपणारे असे हे बाळ! पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. तागा बाहेरून सारखा दिसला, तरी पोत हाताला लागल्यावाचून कळत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना निराळे सांगावे लागत नाही.

या मातांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जणींच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत पुणे परिसरातील 441 निरोगी मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा 67 टक्क्यांत ते कमी आढळले. सर्वांत अधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात, म्हणजे 81 टक्के, होती. शाकाहारी माणसाला या कमतरतेचा धोका 4.4 पट होता. हे आकडे वाचताना मला आपल्या मंगल कार्यातील पंगती आठवल्या. जेथे तूप आणि मिष्टान्नाची वाण नाही, तेथेही रक्त एका सूक्ष्म द्रव्यासाठी उपाशी असू शकते.

हे जीवनसत्त्व केवळ जिवाणू तयार करतात; धान्य, डाळी, भाज्या यांत ते नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. कमी पडल्यास थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, रक्तक्षय असे विकार उद्भवतात. 2008 मध्ये त्याच सहा खेड्यांच्या अभ्यासातून पुढची गोष्ट कळली. ज्या मातांमध्ये बी-12 कमी आणि फॉलिक अॅसिड अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. मधुमेहाची वाट तेथूनच सुरू होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे जाणून संशोधक येथेही थांबले नाहीत. त्या वेळी जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर 2012 मध्ये त्यांच्यातच नवी चाचणी सुरू झाली. दिवसाला अवघे 2 मायक्रोग्रॅम बी-12 मातृत्वापूर्वीच दिल्याने पुढील पिढीला काय लाभ होतो, हे त्यात तपासले गेले. आई, मूल आणि मुलाचे मूल अशा तीन पिढ्यांची ही खतावणी आहे.

यावरून कोणी आपल्या आहाराला दोष देऊ लागेल, तर ते मला मान्य नाही. अहिंसा हे आपले व्रत आहे आणि ते सोडण्याची गरज या संशोधनाने कोठेही सांगितलेली नाही. उलट शाकाहारी तरुणांनी रोज दूध घेतल्यास बी-12 ची पातळी सुधारते, हेही पुण्यातच तपासले गेले. ज्यांना दूध पुरत नाही किंवा चालत नाही, त्यांच्यासाठी जिवाणूंच्या साहाय्याने बनवलेल्या गोळ्या आहेत. फक्त प्राणिज जिलेटिनची कॅप्सूल टाळून साधी गोळी मागून घ्यावी. व्रतस्थांनी याविषयी आपल्या गुरुमहाराजांचा आणि डॉक्टरांचा विचार घ्यावा. परंतु सून गर्भवती असताना ‘आपल्याकडे असे काही नसते’ म्हणून रक्ततपासणी टाळणे, यात अहिंसा नाही. पोटातील जीवाची उपेक्षा हीसुद्धा हिंसाच होय.

या सर्व इतिहासात एक गोष्ट विसरता कामा नये. हे ज्ञान डॉक्टरांच्या बुद्धीइतकेच त्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या दानातून आले आहे. त्यांनी वर्षानुवर्षे रक्त दिले, बाळे मोजू दिली, स्वतःचे ताट तपासू दिले. म्हणूनच त्यांची संमती पवित्र मानली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1980 मध्ये प्रथम नीतिनियम घालून दिले. 2009 पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक झाले. समजावून सांगितल्यावाचून आणि होकार घेतल्यावाचून कोणाच्या शरीरावर प्रयोग करता येत नाही.

आपल्या परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पन्नास वर्षे आपण आहारदान आणि औषधदान केले. संशोधनात औषधाला ज्ञानाची जोड मिळते, आणि संमतीच्या नियमात अभयाची.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे माझ्या दोन नम्र सूचना आहेत. एक, आहुप्याच्या शिबिरात औषधांच्या पेटीबरोबर वजनकाटा आणि एक जाड वही न्यावी. प्रत्येक बालकाचे आणि मातेचे माप त्यांच्या होकाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लिहावे, आणि पुढल्या वर्षी तीच वही घेऊन त्याच दारी जावे. दोन, आपल्या समाजातील वधू, गर्भवती आणि ज्येष्ठ यांच्या बी-12 तपासणीची सोय ट्रस्टने करावी, आणि आरंभ विश्वस्तांपासून व्हावा.

आपण संशोधक नाही, हे मी जाणतो. पण लिहून ठेवलेले पान कधीतरी एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाती पडते आणि त्यातून काही निघते. कोऱ्या पानातून काहीच निघत नाही. हीरकमहोत्सवाची स्मरणिका लिहिणाऱ्याने दफ्तर उघडले, तर ब्लँकेटांच्या आकड्याशेजारी त्याला आहुप्याच्या मुलांची वाढलेली वजनेही सापडावीत, एवढीच इच्छा.

जय जिनेंद्र!