नवीन ब्रॉडबँड जोडणीचा वेग कमी मिळत असल्यास काय करावे?

भारतनेट कार्यक्रमामुळे अनेक गावांत ऑप्टिकल फायबरची जोडणी आता ग्रामपंचायतीच्या पुढे घरापर्यंत पोहोचत आहे. मुलांचे ऑनलाइन वर्ग, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, बँकेचे व्यवहार अशी कामे या जोडणीवर अवलंबून असतात. परंतु जोडणी बसल्यानंतर काही दिवसांतच "नेट फार हळू चालते" अशी तक्रार अनेक कुटुंबांकडून येते. दोष प्रत्येक वेळी बाहेरच्या लाइनमध्येच असतो असे नाही. तो घरातील वाय-फायमध्ये, निवडलेल्या प्लॅनमध्ये किंवा आपण उघडत असलेल्या संकेतस्थळातही असू शकतो. दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे आणि लाइन सदोष असल्यास दाद कोठे मागावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

भारतनेट योजनेविषयी थोडक्यात

सर्व ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या प्रकल्पास केंद्र सरकारने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मान्यता दिली. पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मंजुरी मिळाली. त्यानुसार पूर्वीच्या एकाच सरळ मार्गाऐवजी वर्तुळाकार मार्गाने जोडण्या देण्याचे ठरले. त्यामुळे एका बाजूची केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहू शकते. घरोघरी जोडणी देण्याचे आणि दुरुस्तीचे काम अनेक ठिकाणी भारतनेट उद्यमी, म्हणजे स्थानिक उद्योजक करतात. आपली जोडणी कोणी बसवली, त्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि आपला ग्राहक क्रमांक या तीन गोष्टी लिहून राउटरजवळ चिकटवून ठेवाव्यात.

प्रथम आपला प्लॅन तपासा

बिलावर किंवा पावतीवर प्लॅनचा वेग एमबीपीएस या एककात लिहिलेला असतो. मोबाइलवर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा एमबी प्रति सेकंद असा असतो. ही दोन एकके वेगळी आहेत. एमबीपीएसच्या आकड्याला ८ ने भागल्यास एमबी प्रति सेकंद मिळतात. उदाहरणार्थ, ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर एका सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरतील आणि ५०० एमबीच्या फाइलला सुमारे १०० सेकंद लागतील. मोबाइलवर ५ हा आकडा पाहून "चाळीसचे पैसे घेऊन पाचच देतात" असा समज करून घेऊ नये.

याशिवाय पुढील बाबी पाहाव्यात:

• डेटाची मर्यादा: बहुतेक प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीक जीबीपर्यंतच पूर्ण वेग मिळतो. त्यानंतर सेवा चालू राहते, पण वेग बराच कमी होतो. महिन्याच्या सुरुवातीला वेग चांगला आणि अखेरीस कमी, असे दर महिन्याला होत असल्यास हे कारण असू शकते.
• "पर्यंत" हा शब्द: "५० एमबीपीएसपर्यंत" याचा अर्थ कमाल वेग ५० असा होतो. थोडा चढउतार स्वाभाविक आहे. मात्र सातत्याने निम्म्याहून कमी वेग मिळत असल्यास तक्रार करावी.
• किमान मर्यादा: जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार, किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग देणाऱ्या जोडणीसच ब्रॉडबँड म्हणता येते. त्यापूर्वी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती.

वेग कसा मोजावा?

फक्त वाय-फायवर मोजलेला वेग हा लाइन सदोष असल्याचा पुरावा ठरत नाही. शक्य असल्यास लॅपटॉप किंवा संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. संगणक नसल्यास मोबाइल राउटरपासून पाच-सहा फुटांवर धरावा, मोबाइल डेटा बंद करावा आणि इतर सर्व उपकरणांचे वाय-फाय तोडावे. त्यानंतर ट्रायच्या मायस्पीड ॲपवर किंवा वेग मोजणाऱ्या अन्य संकेतस्थळावर चाचणी घ्यावी.

सलग तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ८ ते ११ या वेळेत अशी चाचणी घेऊन तारीख, वेळ, डाउनलोड आणि अपलोड हे आकडे वहीत लिहावेत. पडद्याचे छायाचित्रही जपून ठेवावे. हीच नोंद पुढे तक्रारीत उपयोगी पडते.

नोंदीवरून काय समजते?

• राउटरजवळ वेग बरोबर, आतल्या खोलीत कमी: दोष घरातील वाय-फायचा आहे.
• केवळ रात्री कमी: एकाच फायबरवर अनेक घरे असतात आणि गर्दीच्या वेळी वेग विभागला जातो. हे रोजच होत असल्यास सेवा पुरवठादाराने क्षमता वाढवणे आवश्यक आहे.
• तिन्ही वेळी सारखाच आणि प्लॅनपेक्षा कमी आकडा: पुरवठादाराच्या यंत्रणेत आपल्या जोडणीवर चुकीचा प्लॅन लागलेला असू शकतो. नवीन जोडणीत हे अवश्य तपासून घ्यावे.
• प्लॅन १०० एमबीपीएसच्या वर, पण केबलवर आकडा ९४-९५ च्या पुढे जात नाही: राउटरचे किंवा संगणकाचे पोर्ट किंवा लॅन केबल १०० एमबीपीएस क्षमतेची आहे.
• वेग बरोबर, पण एकच संकेतस्थळ हळू: त्या संकेतस्थळावर गर्दी आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी असे हमखास होते. अशा वेळी राउटर बदलून उपयोग नाही. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी, पहाटे किंवा रात्री उशिरा भरावा.

घरच्या घरी करता येणारे उपाय

१. राउटरची जागा: जोडणी देणारी व्यक्ती राउटर बहुधा दाराजवळ किंवा केबल आत येते त्या कोपऱ्यात बसवते. तो घराच्या मध्यभागी, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर असावा. दगडी किंवा मातीच्या जाड भिंती, पत्रे, लोखंडी कपाट, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांमुळे वाय-फायचा संदेश अडतो. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे राउटर ठेवू नये. राउटर हलवताना फायबर ओढू नये. लांबी कमी पडत असल्यास तंत्रज्ञाला बोलवावे.

२. दोन प्रकारचे वाय-फाय: काही राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दाखवतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झ लांबपर्यंत पोहोचतो, पण वेग कमी असतो. राउटर असलेल्या खोलीत पहिला आणि पडवीत किंवा माडीवर दुसरा वापरावा.

३. पासवर्ड: जोडणी बसवताना दिलेला पासवर्ड लगेच बदलावा. शेजारच्या पाच-सहा मोबाइलवर तोच पासवर्ड असेल, तर आपण पैसे भरूनही वेग इतरांकडे जातो. शिवाय आपल्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केल्यास चौकशी आपल्या नावाने होते.

४. मागे चालणारी कामे: मोबाइल व संगणकाचे अपडेट, छायाचित्रांची आपोआप साठवण आणि सीसीटीव्ही कॅमेरे गुपचूप डेटा वापरतात. ऑनलाइन वर्गाच्या वेळी ती बंद ठेवावीत. एका मुलाच्या वर्गाला ३-४ एमबीपीएस वेग बहुधा पुरतो.

५. बंद-चालू करणे: राउटर बंद करून एक मिनिट थांबावे व पुन्हा चालू करावा. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी-संच उपयोगी पडतो.

दिव्यांवरून दोष ओळखा

फायबरच्या यंत्रावर पॉन आणि एलओएस असे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा हिरवा व स्थिर असल्यास जोडणी व्यवस्थित आहे. तो बराच वेळ लुकलुकत राहिल्यास यंत्राची मुख्य केंद्राशी जुळणी होत नाही. एलओएसचा दिवा लाल झाल्यास फायबरमधून प्रकाश येत नाही, म्हणजे केबल तुटली, निसटली किंवा जास्त वाकली आहे. घरात केबल खिळ्याला घट्ट गुंडाळलेली, दारात चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली नाही ना, हे पाहावे.

सावधान: फायबरचे टोक काढून डोळ्यांसमोर धरू नये. त्यातील लेझर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो. मुलांना यंत्रापासून दूर ठेवावे.

तंत्रज्ञ आल्यावर त्याला मीटरने प्रकाशाची पातळी मोजण्यास सांगावे. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो. तो उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली असल्यास संदेश क्षीण आहे आणि जोड पुन्हा करण्याची गरज आहे. आकडा आपल्या वहीत लिहून घ्यावा.

तक्रार कोठे व कशी करावी?

पहिली पायरी: सेवा पुरवठादाराच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी व डॉकेट क्रमांक घ्यावा. स्थानिक उद्योजकास तोंडी सांगितले तरी ही नोंद आवश्यक आहे. क्रमांकाशिवाय तक्रार झाल्याचे सिद्ध करता येत नाही.

दुसरी पायरी: तक्रारीचे निवारण न झाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे. त्यासाठी शुल्क नाही. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत देणे बंधनकारक आहे.

तिसरी पायरी: त्यानंतरही दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही मार्गदर्शन मिळते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तेथे पत्र पाठवून वेळ घालवू नये.

तक्रारीत ग्राहक क्रमांक, प्लॅनचा वेग, तीन दिवसांची नोंद, दिव्यांची स्थिती आणि "केबल जोडून चाचणी घेतली आहे" हे वाक्य अवश्य लिहावे. सेवा अनेक दिवस बंद राहिल्यास त्या काळाच्या भाड्यात सूट मिळावी, अशी मागणीही लेखी करावी. स्वतः अर्ज भरणे शक्य नसल्यास जवळच्या सामायिक सेवा केंद्राची, महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्राची मदत घ्यावी.

लक्षात ठेवा

• वेग वाढवून देण्यासाठी कोणालाही ओटीपी, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील देण्याची गरज नसते. तो मागणारा दूरध्वनी फसवणुकीचा समजावा.
• दुरुस्तीसाठी पैसे दिल्यास पावती घ्यावी.
• महागडा प्लॅन घेण्यापूर्वी केबलवरील चाचणी करावी. दोष वाय-फायचा असल्यास प्लॅन वाढवून आतल्या खोलीतील वेग वाढत नाही.