पेरायला ठेवलेलं

परवा भाचीचा फोन आला. एमबीएची परीक्षा तोंडावर आलेली. "मामा, तो मास्लोचा पिरॅमिड एकदा नीट सांग ना." मी आपलं सांगितलं. तळाला भूक, तहान, झोप, त्यावर सुरक्षितता, मग माया-आपलेपणा, मग मानसन्मान आणि सगळ्यात वर आपल्यात जे आहे ते पुरतं फुलवणं. खालचं भागलं की माणूस वर बघतो. तिनं भराभर लिहून घेतलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "म्हणजे शेवटी सगळं पोटासाठीच ना रे?"

बयेनं फोन ठेवला, पण प्रश्न माझ्या गळ्यात बांधून गेली.

मास्लोचा तो मूळ निबंध १९४३ सालचा. (त्यात पिरॅमिड नाही बरं का! ते चित्र नंतर दुसऱ्यांनी काढलं.) हा १९४३ आकडा वाचला की मला नेहमी दुसराच माणूस आठवतो. निकोलाय वाविलोव्ह. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. दुष्काळाला कायमचं हटवायचं तर जगभरातली पिकांची वाणं हाताशी हवीत, या एका ध्यासानं हा माणूस देशोदेशी हिंडला. गहू, भात, मका, बटाटे, शेंगा, जिथे जे मिळेल ते गोळा करून लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, संस्थेत आणून ठेवलं. पण लायसेन्कोचं प्रस्थ वाढलं, स्टालिनची मर्जी फिरली आणि ऑगस्ट १९४० मध्ये वाविलोव्हला अटक झाली. २६ जानेवारी १९४३ ला सारातोव्हच्या तुरुंगात तो गेला. उपासमारीनं. जगाची भूक भागवायला निघालेला माणूस!

पण आजची गोष्ट त्याची नाही. त्याच्यामागे संस्थेत राहिलेल्यांची आहे.

८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत चालला. ८७२ दिवस. त्या पहिल्या हिवाळ्यात कारकुनांना, लहान मुलांना आणि घरी बसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि तोही भेसळीचा. काही लाख माणसं भुकेनं आणि थंडीनं मेली.

आणि त्याच शहरात, सेंट आयझॅक चौकातल्या त्या संस्थेत, खोल्याच्या खोल्या धान्यानं भरलेल्या होत्या.

तिथल्या लोकांनी ते खाल्लं नाही. तोफा चालू असताना अब्राहम कामेराझनं पाव्लोव्स्कच्या शेतातून बटाट्यांची वाणं खणून आणली. मग कडाक्याच्या थंडीत ती तळघरात गोठू नयेत म्हणून हाती लागेल ते जाळून ऊब धरली. बियाण्याला उंदीर लागू नयेत म्हणून पहारे दिले. शेंगदाण्याचा अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशी बसल्या जागी गेला. ओटची अभ्यासक लिलिया रोदिना गेली. भाताचा अभ्यासक दिमित्री इवानोव्ह गेला तेव्हा त्याच्या भोवती तांदळाची हजारो पाकिटं होती. हजारो!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही माणसं नव्हेतच, संत. पण पुढे एक बारीकशी गोष्ट वाचनात आली. बियाण्याच्या खोलीत कुणीही एकट्यानं थांबायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मला तर ही गोष्ट त्या पाकिटांपेक्षा मोठी वाटते. त्यांना स्वतःची भूक पक्की ठाऊक होती. आपला हात कधीही पाकिटाकडे जाईल, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी एकमेकांना सोबत ठेवलं. भूक संपली नव्हती, जिंकलीही नव्हती. फक्त शेजारी कुणीतरी होतं, ज्याला तोंड दाखवायचं होतं. आणि पुढे कुणीतरी होतं, जे अजून जन्मालाही आलं नव्हतं.

कुणी विचारेल, शहर मरत असताना दाणे राखणं बरोबर होतं का? शहरात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती. काही टन धान्य वाटलं असतं तर माणशी दोन-चार ग्रॅम. हिशेब सोपा आहे. तरी दाराबाहेर मूल रडत असेल तर हा हिशेब कुणाला सुचतो?

इथे मला आमची आजी आठवते. १९७२ चा दुष्काळ, मंगळवेढ्याकडचं आमचं गाव. आजोबा खडी फोडायला जात. घरात रेशनची लाल मिलो. पण उतरंडीत तळाच्या मडक्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, मालदांडीचं बियाणं राखलेलं. त्याला हात लावायचा नाही, ही घरची शपथच. चैत्रात धाकट्या आत्यानं अंथरूण धरलं आणि आजीनं ते मडकं उतरवलं. आजोबा म्हणाले, "मग पेरायचं काय?" आजी जात्यावर बसत म्हणाली, "पेरायला मानसं ऱ्हायला नकोत व्हय?"

आजोबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, असं बाबा सांगतात. १९७३ ला पाऊस झाला. आजीनं माहेराहून सवाईच्या बोलीवर बियाणं आणलं आणि एकाच हंगामात फेडलं. पण मडकं रिकामं केल्याचं तिला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. "तवा मी पाप केलं" असं म्हणायची. आत्या आज सत्तरीकडे झुकली आहे.

इवानोव्हनं राखलं, आजीनं दळलं. मला दोघांतलं कुणीच चुकलेलं वाटत नाही. दोघांनीही आपल्या पोटाचा विचार शेवटी केला. आजीच्या वाट्याला त्यातली अर्धी भाकरीसुद्धा आली नव्हती म्हणे.

मास्लोवर अन्याय नको. ध्येयासाठी माणूस खालच्या पायऱ्या सोडून देतो, हे त्यानं त्याच निबंधात मान्य केलंय. परीक्षेत ते कुणी विचारत नाही, इतकंच.

तर भाचेबाई, पेपरात पिरॅमिडच काढ, मार्क मिळतील. पण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पोट माणसाला हलवतं हे खरं, पण कुठल्या दिशेला, ते बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी पोटावरून ठरतं.

असो. आत्या, मडक्याच्या गोष्टीत काही चुकलं असेल तर फोन कर.