कुठपर्यंत घासायचं?

अण्णा गेल्यापासून त्यांची पद्मिनी मुरबाडच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बारा वर्षं. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. दिवाळीनंतर एकदाचा मनाचा हिय्या केला, टोचन लावलं आणि किन्हवलीमार्गे शहापूरला एका ओळखीच्या गॅरेजात नेली. इंजिनाचं काम महिन्याभरात झालं. अडलं ते रंगावर.

पेंटर काकांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर ओला पॉलिश पेपर फिरवायला घेतला. नाण्याएवढी जागा घासली आणि झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं उमटली. कडेला मळकट चंदेरी, मग राखाडी प्रायमर, मग क्रीम रंग, त्याखाली तळाचा प्रायमर आणि मधोमध उघडा पत्रा.

"बोला दादा, कुठपर्यंत घासायचं?"

त्यांचा प्रश्न साधा होता. मी मात्र त्यात अडकलो. कारण गाडी "पूर्वीसारखी" करायची म्हणजे नक्की कुठल्या सालासारखी?

क्रीम रंग 1978 चा, कुर्ल्याच्या कारखान्यातला. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे तिथे फियाटच्या गाड्या बनू लागल्या, आणि 1974 च्या सुमारास त्यांच्या 1100 ला पद्मिनी हे नाव मिळालं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची असा तो काळ. मिळेल तो रंग घ्यायचा, आणि तोही प्लेन.

चंदेरी रंग 1994 चा. मधल्या काळात बरंच काही घडून गेलं होतं. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली, 1991 नंतर बाजार खुला झाला, आणि कल्याणच्या रस्त्यावर उन्हात चमचमणाऱ्या मेटॅलिक रंगाच्या गाड्या दिसू लागल्या. नवी गाडी अण्णांच्या आवाक्यात नव्हती. नवा रंग होता. मुरबाडात आमची गाडी चंदेरी होऊन आली त्या दिवशी शेजारपाजारची पोरं तिच्यात तोंडं बघत होती.

या चमकीचा इतिहासही मजेशीर आहे. 1923-24 मध्ये अमेरिकेत ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग आला, तोवर गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. त्यानंतर लोकांना चमक हवीशी झाली. सुरुवातीच्या काळात ती कशातून काढली असेल? माशाच्या खवल्यांतून! पॅरिसमध्ये सतराव्या शतकापासून खवल्यांच्या अर्काने खोटे मोती बनवत, तोच पदार्थ रंगात घातला. अर्थातच तो भयंकर महाग. 1930 च्या दशकात त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा बारीक पापुद्र्यासारखा चुरा आला आणि श्रीमंतांची चमक हळूहळू सगळ्यांची झाली.

पण हा चुरा नाजूक. ऊन, पाऊस, हवा लागली की तो काळवंडतो. म्हणून रंगाचा पातळ थर देऊन त्यावर क्लिअर मारायचं ही दोन थरांची पद्धत आली आणि 1980 च्या दशकात जगभर रुळली. आमच्या गाडीवर क्लिअर नव्हतंच. कुणी वाचवलं, रंगवणाऱ्याने की अण्णांनी, आता कुणाला विचारणार? अण्णा दर रविवारी गाडीला पॉलिश करायचे आणि फडकं काळं व्हायचं. "बघ किती धूळ बसते," म्हणायचे. ती धूळ नव्हती. घासून घासून ते आपला रंगच पुसत होते.

हे मला पेंटर काकांनी फडकं फिरवून दाखवलं, तेव्हा दोन मिनिटं बोलवेना.

असो. डिकीच्या रबराखाली ऊन न लागलेला चंदेरी पट्टा सापडला. त्याच्याशी जुळवायला तीन पत्रे घेतले. डबा एक, गन एक, माणूस एक. पहिल्यावर रंग ओला बसला, चुरा आत बुडाला, छटा गडद आली. दुसरा लांबून, कोरडा मारला. चुरा वरच राहिला, छटा उजळ. तिसऱ्यावर हात कमीजास्त झाला आणि ढग आले. "क्लिअर मारल्याशिवाय काय बोलू नका," काका म्हणाले. खरंच, वाळलेला बेस खडूसारखा निस्तेज दिसत होता. पंधरा मिनिटांनी हार्डनर घातलेलं क्लिअर फिरलं आणि पत्र्याला एकदम खोली आली. (हार्डनरच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो. काकांच्या रुमालाने भागणार नव्हतं, म्हणून त्यांना चांगला मास्क आणून दिला.) थंडीची कोरडी हवा होती म्हणून बरं. तानसा, वैतरणा आणि भातसा भरणाऱ्या पावसात इथे हे काम करू नये. कॉम्प्रेसरच्या नळीतून रंगाआधी पाणीच येईल.

तिन्ही पत्रे डिकीशी धरून बघितले. उन्हात एक जुळायचा, सावलीत दुसरा. पूर्ण जुळला एकही नाही. रंग नुसता डब्यात नसतो, तो मारणाऱ्याच्या हातात आणि त्या दिवशीच्या हवेत असतो. 1994 ची ती दुपार आणायची कुठून?

मित्र म्हणाले, "क्रीम कर, ओरिजिनल तेच." 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्यापासून ओरिजिनल गाड्यांना मान आलाय, हे खरं. आरसी बुकात मात्र दोन्ही रंगांची नोंद आहे. क्रीम रंग कारखान्याने निवडला होता. चंदेरी अण्णांनी.

मी चंदेरी केला. यावेळी क्लिअरसकट. डिकीच्या आत, झाकणाखाली, नाण्याएवढी वलयं घासून तशीच ठेवली आणि त्यांच्यावरही क्लिअर मारून घेतलं. पुढे कुणी विचारलं तर उत्तर तिथे आहे.

पौष पौर्णिमेला आईला घेऊन म्हसा यात्रेला गेलो. धुळीने गाडी भरली. घरी आल्यावर आईने पदर खोचला, बॉनेट पुसलं, आणि फडकं उलटंपालटं करून बघत राहिली.

"काळं होत नाही रे आता," ती म्हणाली.

आनंदाने म्हणाली की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.