ट्रक-इंजिन, जुने : वय आणि सुटे भाग

जुन्या ट्रकच्या इंजिनाचे साल व जात ओळखून त्याला जुळणारे सुटे भाग निवडण्याचे तंत्र. भारतात हा प्रश्न सर्वाधिक येतो तो टाटाच्या ६९२ आणि ६९७ या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांबाबत, म्हणून या नोंदीत तीच मुख्यतः विचारात घेतली आहेत. गाडी ज्या सालची, त्याच सालचे इंजिन, असे धरून चालणारा माणूस स्पेअरपार्टच्या दुकानातून हमखास परत येतो. दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेल्या ट्रकची चेसिस एका सालची, ब्लॉक दुसऱ्या, हेड भंगारातून आणलेले आणि डिझेल पंप भलत्याच गाडीचा, असा प्रकार सर्रास आढळतो. त्यामुळे वय विचारायचे ते एकेका भागाचे.

टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे टेल्को, १९४५ साली स्थापन झाली. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. मर्सिडीजच्या ओएम ३१२ या इंजिनाचा बोर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर आणि क्षमता ४,५८० घन सेंटिमीटर. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ आला. तारा असलेली जाळी पाहून इंजिनही त्याच काळातले मानणे मात्र धाडसाचे. शौकीन मालक जाळी जपतात, इंजिन जपणे परवडत नाही.

पुढच्या इंजिनांच्या क्रमांकांतच त्यांची कुंडली आहे. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोरचे मिलिमीटर. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चा बोर. ‘४०७’ टेम्पोत बसणारे ४९७ हे चार सिलिंडरचे, ९७ बोरचेच. गाडीवरचे आकडे वेगळे वाचायचे : १२१० म्हणजे बारा टनांच्या वर्गातली, सुमारे शंभर अश्वशक्तीची, १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. दुकानात नुसते ‘१२१० चा पिस्टन द्या’ म्हटले तर दुकानदार उलट विचारतो, ‘इंजिन कोणतं?’ त्याचा प्रश्न रास्तच असतो.

क्रमांक वाचण्याआधी इंजिनाच्या अंगाकडे पाहावे. ओएम ३१२ हे प्री-चेंबरचे इंजिन, त्यामुळे त्याला प्रत्येक सिलिंडरमागे एक ग्लो प्लग असतो. ६९२ डीआय आणि ६९७ मध्ये डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात फवारले जाते. तिथे ग्लो प्लगची ती रांग नसते. नोझलही अर्थातच वेगळे. ६९७ च्या क्रमांकामागे ‘टीसी’ ही अक्षरे असतील तर इंजिन टर्बोचे आहे, आणि बिगरटर्बोचा पिस्टन त्यात घालू नये.

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे सापडतात आणि त्यांची गल्लत फार होते. उठावाचे, ओतीव आकडे साच्यातून आलेले. ते त्या ओतकामाचा क्रमांक सांगतात आणि वर्षानुवर्षे तेच राहू शकतात. मशीन मारून सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला क्रमांक हा खरा इंजिन नंबर. ओतकामाची तारीख ब्लॉकवर असलीच, तरी जुळणी तिच्यानंतरची. ठोकलेला क्रमांक वाचायला डिझेलमध्ये भिजवलेला तारेचा ब्रश मारायचा, जागा कोरडी करायची आणि आरटीओसाठी चेसिसची छाप घेतात तशी कागद ठेवून पेन्सिल फिरवायची. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. त्या जागी ग्राइंडर फिरल्याच्या रेघा दिसल्या तर सौदा तिथेच थांबवलेला बरा.

नावांवरूनही काळाची कुंपणे घालता येतात. कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, त्यामुळे ‘टेल्को’ असा ठसा असलेला मूळ भाग साधारण त्याआधीचा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. पुण्याची म्हणून सांगितलेली गाडी त्याहून जुनी असणार नाही. बंगळूरची मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. मेकॅनिक अजूनही ‘मायको पंप’च म्हणतात, तेव्हा बोलण्यावर न जाता पाटी पाहावी. पाटीवर ‘पीईएस ६ ए ९०’ अशी सुरुवात असेल, तर सहा सिलिंडरचा, ‘ए’ आकाराचा, ९ मिलिमीटर प्लंजरचा पंप. एलिमेंट मागवताना ही सगळी ओळ उतरवून न्यावी. पंप हा सर्वांत जास्त अदलाबदल होणारा भाग असल्याने त्यावरून ब्लॉकचे वय मात्र काढू नये.

खरा निकाल मोजमापाने लागतो. हेड उतरवल्यावर पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला आणून स्ट्रोक मोजला, की ६९२ मध्ये १२० आणि ६९७ मध्ये १२८ मिलिमीटर मिळतो. आठ मिलिमीटरांचा हा फरक क्रँकमधून येतो, म्हणून एकाचा क्रँक दुसऱ्यात चालत नाही. बोर मात्र झिजलेला किंवा वाढवलेला असू शकतो. आधीच्या कारागिराने ओव्हरसाइझ पिस्टन घातला असेल तर त्याच्या माथ्यावर तो आकडा कोरलेला असतो. काजळी खरवडून तो आधी वाचावा.

बेअरिंगच्या बाबतीत तर जुना भाग हाच उत्तम पुरावा. शेलची पाठ पुसली की ‘एसटीडी’, ‘०२५’ किंवा ‘०५०’ असा ठसा दिसतो. ‘०५०’ म्हणजे क्रँक अर्धा मिलिमीटर घासून झाला आहे. मेन आणि बिग एंड वेगवेगळ्या मापांना घासलेले असू शकतात, त्यामुळे दोन्ही जर्नल मायक्रोमीटरने स्वतंत्र तपासावे लागतात. घासलेल्या क्रँकवर स्टँडर्ड शेल बसवले तर फट वाढते आणि इंजिन तापताच ऑइल प्रेशर कोसळते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारात अनुभवी माणूस जुने शेल, जुना गॅस्केट फडक्यात बांधून नेतो, ते याचसाठी. नवा हेड गॅस्केट जुन्यावर ठेवून भोके जुळवणे ही तपासणी फुकटची आहे, तरी घाईत तीच राहून जाते.

१९९३ मध्ये टाटा कमिन्स ही संयुक्त कंपनी निघाली आणि टाटाच्या ट्रकांत कमिन्सची ५.९ लिटरची बी-मालिका आली. इथे पद्धत निराळी आहे. इंजिनाच्या पाटीवर अनुक्रमांकासोबत ‘सीपीएल’ क्रमांक असतो. कामगिरी ठरवणाऱ्या भागांचा कोणता संच कारखान्यात बसवला, हे त्यावरून कळते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन इंजिनांचे सीपीएल वेगळे असले तर पिस्टन, कॅमशाफ्ट किंवा टर्बो वेगळा असू शकतो. पाटी हरवलेली असेल तर भाग उघडून त्यावरचे क्रमांक ताडून पाहावे लागतात.

अख्खे इंजिनच बदलले असेल तर नवा क्रमांक आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. विकत घेणाऱ्याने ब्लॉकवरची पेन्सिल-छाप आणि आरसीतला क्रमांक शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. तीन आणि आठ यांची गफलत छापेत सहज होते.