चित्रांची वेबसाइट कुठे बनवावी? वारली कलाकारांनी आधी काय तपासावं

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांत वारली चित्रं काढणारी अनेक घरं आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. कलेचं नाव जगभर झालं. पण बाहेरचा खरेदीदार इंटरनेटवर वारली चित्र शोधतो तेव्हा त्याला अनेकदा छापील चादरी आणि कप विकणारी दुकानंच दिसतात, चित्र काढणाऱ्याचं नाव सापडत नाही. म्हणूनच स्वतःची वेबसाइट हवी. ती कुठे आणि कशी करायची, याची ही माहिती.

इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?

इन्स्टाग्राम, फेसबुक जरूर वापरा. ओळख तिथेच वाढते. पण ती जागा आपली नाही. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि तिथे जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. वेबसाइटचा पत्ता मात्र आपल्या नावावर असेल, तर एक कंपनी सोडून दुसरीकडे गेलं तरी पत्ता तोच राहतो. कार्डावर छापलेलं, प्रदर्शनात सांगितलेलं वाया जात नाही.

आधी पत्ता, मग प्लॅटफॉर्म

या पत्त्याला डोमेन म्हणतात. ‘डॉट इन’ डोमेनला वर्षाला साधारण काही शे रुपये लागतात. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून महाग, अशा ऑफर असतात. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारा. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही दिवसांनी तेच नाव दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे डोमेन चित्रकाराच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर घ्या. गावात बहुधा घरातला शिकलेला पोरगा किंवा ओळखीचा कुणी साइट करून देतो. सगळं त्याच्याच ईमेलवर असतं. तो नोकरीला बोईसर-वापीला गेला, नंबर बदलला, की साइट उघडायची चावीही गेली. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा.

कोणता पर्याय कुणाला?

गुगल साइट्स : मोफत आणि सोपं. मराठी व्यवस्थित लिहिता येतं, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. रचना साधी असते, पण २०-२५ चित्रांसाठी पुरेशी आहे. गुगल खातं २ वर्षं वापरलंच नाही तर ते काढून टाकण्याचा नियम आहे, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करत राहा.

ब्लॉगर : हेही गुगलचं आणि मोफत. डोमेन जोडता येतं, मजकुराची प्रत उतरवून घेता येते. चित्रामागची गोष्ट लिहिणाऱ्यांना सोयीचं.

वर्डप्रेस डॉट कॉम : मोफत योजनेत जाहिराती दिसतात आणि स्वतःच्या डोमेनसाठी पैसे भरावे लागतात. पण सामान उचलून दुसरीकडे नेणं इथे तुलनेने सोपं. काम वाढणार असेल तर चांगला पर्याय.

विक्स : दिसायला देखणं, शिकायला सोपं. मोफत योजनेत विक्सची जाहिरात आणि विक्सचाच पत्ता. इथे बांधलेली साइट जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नाही, नव्याने बांधावी लागते.

स्क्वेअरस्पेस : चित्रांसाठी रचना सुंदर, पण कायमची मोफत योजना नाही. नियमित विक्री नसेल तर हा खर्च अंगावर घेऊ नका.

बिहान्स : अ‍ॅडोबी कंपनीचं मोफत व्यासपीठ. डिझाइनच्या क्षेत्रातली माणसं इथे काम बघतात. वेबसाइटच्या जोडीला ठेवा, तिच्या जागी नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला स्वतःचं डोमेन आणि गुगल साइट्स ही जोडी पुरेशी आहे. पुढे गरज वाढली तर तोच पत्ता वर्डप्रेसला जोडता येतो.

फोटो नीट, तर साइट नीट

फ्लॅश वापरू नका. तांदळाच्या पांढऱ्या रंगावर चमक येते. सावलीत, दिवसाच्या उजेडात, चित्रासमोर सरळ उभं राहून फोटो काढा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवा. साइटवर टाकताना लांब बाजू १,६०० पिक्सेलपर्यंत ठेवली तर मोबाइलच्या कमी रेंजमध्येही पान उघडतं. मूळ फोटो पेनड्राइव्हमध्ये वेगळे जपा.

प्रत्येक चित्राखाली नाव, लांबी-रुंदी, कागद की कापड, कोणता रंग, वर्ष आणि विक्रीला आहे की नाही, एवढं लिहा. मराठीबरोबर दोन ओळी इंग्रजीतही हव्यात. नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

हक्काचं काय?

स्वतःहून काढलेलं चित्र विकलं, तरी लेखी करार करून दिला नसेल तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. मोबदला घेऊन ऑर्डरप्रमाणे काढलेल्या चित्राचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर तो हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. त्यामुळे ऑर्डर घेतानाच ‘हक्क चित्रकाराकडे राहील, चित्र वेबसाइटवर दाखवता येईल’ असं लिहून घ्या.

साइटवर आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील टाकू नका. चौकशीसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ईमेल पुरे. ऑनलाइन दुकानाची घाई नको. सुरुवातीला निवडक १० चित्रं, स्वतःबद्दल १० ओळी आणि गाव-तालुक्याचं नाव, एवढ्यावर साइट सुरू करता येते. मग डोमेनची मुदत संपण्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.