सदऱ्यावरील मगर

सदऱ्याच्या छातीवरील चिमुकली मगर आज पुष्कळांच्या ओळखीची आहे. परंतु ती ज्यांची, त्या रने लाकोस्त यांचे चरित्र मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

पॅरिस येथे २ जुलै १९०४ रोजी जन्मलेल्या या टेनिसपटूची खरी भिस्त अभ्यासावर होती. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळातील गुणदोष ते वहीत टिपून ठेवीत. विम्बल्डनचे एकेरी अजिंक्यपद त्यांनी १९२५ व १९२८ मध्ये, अमेरिकेचे १९२६ व १९२७ मध्ये आणि मायदेशाचे तीन वेळा पटकाविले. १९२७ साली फिलाडेल्फिया येथे बलाढ्य टिल्डनला नमवून डेव्हिस चषक प्रथमच फ्रान्सला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पुढे प्रकृतीने साथ सोडली आणि ऐन पंचविशीत त्यांना खेळातून जवळजवळ निवृत्त व्हावे लागले. १९३३ साली आंद्रे जिलिए या विणमालाच्या कारखानदारासह त्यांनी कंपनी काढली. टेनिसपटूंचा लांब बाह्यांचा ताठर सदरा त्यांना गैरसोयीचा वाटे. त्याऐवजी त्यांनी आखूड बाह्यांचा, हवेशीर सुती विणीचा सदरा बाजारात आणला. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी पोलादी रॅकेटही घडविली. जिमी कॉनर्स तशाच रॅकेटने गाजला. १२ ऑक्टोबर १९९६ रोजी ते निवर्तले.

मगरीच्या कातड्याच्या पेटीवरून संघनायकाशी लागलेल्या पैजेमुळे अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांना ‘मगर’ म्हटले होते. परमुलखात पडलेले ते नाव त्यांनी झटकले नाही. अभिमानाने छातीवर मिरविले, आणि खेळ सुटल्यावर त्याच नावावर दुसरे आयुष्य उभारले.